गेनूतात्या आणि लेखी कारण

गेनूतात्यांना कुणीही कशालाही नाही म्हटलं, की ते एकच वाक्य बोलतात. "कारण लेखी द्या."

मग समोर बँकेचा मॅनेजर असो की वडापाववाला. काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो वडेवाला उभा असतो, त्याने एकदा मिरची संपल्याचं सांगितलं. तात्यांनी त्याच्याच गाडीवरचा कागद उचलला, खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं. माझ्या मेव्हणीने त्यांनी आणलेलं स्थळ नाकारलं, तेव्हा ते आमच्याकडे येऊन बसले ते चहा संपला तरी उठेनात. शेवटी बायकोने "मुलाची उंची कमी" असं लिहून दिलं तेव्हा गेले. तो कागद त्यांनी मुलाच्या बापाला नेऊन दाखवला. ते घर अजून आमच्याशी बोलत नाही.

आमच्या गल्लीत राहत असले तरी तात्या मूळचे महाळुंग्याचे. शेतांभोवती कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांनी एक शेड टाकली, वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि गेट, ग्रिल, बाकडी बनवायला लागले. शेडमधून कुठलीही वस्तू पूजेशिवाय बाहेर पडत नाही. कुंकवाची पाच बोटं आणि त्याखाली हळदीचं एक. हे हळदीचं बोट कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"आईनं सांगितलं म्हून," तात्या म्हणाले. "तिच्याकडं लेखी कोण मागनार?"

तात्यांना एक धाकटा भाऊ आहे, शिवा. आई गेली त्या वर्षी तो आपल्या वाटणीचं मशीन घेऊन चऱ्होलीला गेला आणि तिथे त्याने वेगळी शेड टाकली. तेव्हापासून बोलणं बंद. का, ते कुणालाच ठाऊक नाही. साऱ्या जगाकडे कारण मागणाऱ्या तात्यांनी भावाकडे काही ते मागितलं नाही. मी एकदा विषय काढला, तर त्यांनी मला क्रिकेटचा स्कोअर विचारला. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. त्यामुळे टेंडर हा शब्द गल्लीत कुठेही उच्चारला गेला की माणूस माझ्या दारात येतो. आमच्या जवळच्या सरकारी बागेत बाकडी बसवायची होती. कंपन्यांची कामं आटली होती, तात्यांची शेड निम्मी रिकामी पडली होती, तेव्हा हे काम त्यांना हवंच होतं. पण त्यांचं मन त्याहून जास्त त्या बागेत अडकलं होतं. आजवर लोकांना बाहेर ठेवणारी गेटं केली, आता कुणीही येऊन बसेल असं काहीतरी करू द्या, असं ते म्हणाले.

मी सगळं टेंडर त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि ऑनलाइन भरून दिलं. नमुन्याचं बाकडं द्यायचं होतं आणि त्यावर फक्त क्रमांक टाकायचा होता. बाकडं कुणाचं ते समितीला कळू नये, म्हणून ओळख पटेल अशी कुठलीही खूण चालणार नव्हती. तात्यांनी मान डोलावली. मग बाकडं शेडमधून निघालं आणि जाता जाता त्याच्या फळीखाली पूजा झाली. ती खूण होते हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

टेंडर अपात्र ठरलं. कारण, नमुन्यावर ओळखीची खूण.

तात्या आधी हरखले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना न मागता लेखी कारण मिळालं होतं. त्यांनी ते लॅमिनेट करून आणलं. मग बसून सावकाश वाचलं आणि त्यांचं डोकं फिरलं. कुंकवाला खूण म्हणणारा माणूस मला बघायचाय, असं म्हणत त्यांनी मला अपील लिहायला बसवलं.

सुनावणीला एक शांत अधिकारी बाई होत्या. तात्यांनी त्यांच्यामागच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटावर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं.

"मॅडम, कुंकवावरनं मानूस वळखायचा तर हे कपाट बी माझंच म्हना की."

बाईंना हसू आलं, पण त्या कच्च्या नव्हत्या. कुंकू सगळेच लावतात, पण खाली हळदीचं बोट कोण लावतं, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात त्यांच्या कारकुनाला आठवलं की आणखी एका नमुन्यावर अगदी असंच होतं आणि तोही बाद केला होता. बाईंनी तो मागवला. दोन माणसांनी बाकडं आणून उलटं केलं. वर नुसता क्रमांक होता. फळीखाली कुंकवाची पाच बोटं, त्याखाली हळदीचं एक.

तात्या वाकले. त्यांनी त्या सुकलेल्या हळदीवरून अंगठा फिरवला. उठायला त्यांना इतका वेळ लागला की कारकुनाने पाणी पुढे केलं.

बाईंना हे पटलं. एकच खूण दोन नमुन्यांवर असेल तर तिच्यावरून कुणाचीच ओळख पटत नाही, तात्या पात्र. दुसऱ्याने मात्र अपील केलेलं नव्हतं, तेव्हा तो बाहेरच राहील. आता हात जोडून निघायचं, एवढंच बाकी होतं. मी उठलोही.

"त्याला बी आत घ्या," तात्या म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला. "तो तुमचा प्रतिस्पर्धी आहे. ओळखता का त्याला?"

मी परत खाली बसलो. हो म्हटलं असतं, तर खुणेवरून माणूस ओळखता येतो हे तात्यांनीच सिद्ध केलं असतं आणि दोन्ही बाकडी पुन्हा बाहेर गेली असती.

"न्हाई वळखत."

"मग त्याला आत घ्यायला कारण?"

तात्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"कारन काय न्हाई, मॅडम. आसंच."

बाईंनी चष्मा परत लावला. मग एका खुणेला एकच न्याय म्हणत त्यांनी दोघांनाही पात्र करून टाकलं.

परत येताना तात्या स्कूटरवर मागे बसले होते. काळेवाडीचा पूल आला तेव्हा माझ्या कानाशी म्हणाले, "शिवाचं येल्डिंग लई सुदारलंय."

पात्र ठरलेल्यांचे दर उघडले. शिवाचा जरासा कमी निघाला आणि काम त्याला गेलं. मी चडफडलो. हाता-तोंडाशी आलेला घास या माणसाने स्वतः दुसऱ्याच्या ताटात वाढला होता. संध्याकाळी तात्या पेढे घेऊन दारात हजर. काम घरातच आलं, म्हणाले. मला पेढा गोड लागला नाही, पण मी दोन खाल्ले.

बागेत बाकडी बसली तशी तात्यांची तिथे रोजची फेरी सुरू झाली. परवा मी भाजी घेऊन येत होतो, तर तात्या एका बाकड्याखाली पाना घेऊन वाकलेले. नट आवळत असतील असं वाटलं. जवळ गेलो, तर पाना उलटा फिरत होता.

"तात्या, सैल करताय?"

"जरासाच. पडत न्हाई कुनी, नुसतं वाजतं." त्यांनी बाकड्याच्या एका टोकाला बसून दाखवलं. बाकडं कुईं वाजलं. "हमीचा काळ चालू हाय. तक्रार आली की ठेकेदाराला सोता येऊन बघावं लागतं. तुमीच वाचून दावलं व्हतं."

पाना त्यांनी पिशवीत टाकला आणि पिशवी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली. मला बसा म्हणाले नाहीत.

"मग तक्रार केलीत?" मी विचारलं.

"दिली की," तात्या बागेच्या फाटकाकडे बघत म्हणाले. "लेखी."