चाळीस किलोमीटरचं बाळ

दुपारपर्यंत बर्फाचा नकाशा गेला नाही, तर ध्रुवाजवळ अडकलेलं जहाज आणखी अडकणार होतं. आणि नकाशा काढणारी सून दात येणाऱ्या लेकीला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. लॅपटॉपवर उपग्रहाच्या रडारनं टिपलेलं चित्र होतं. करडं, दाणेदार, मधोमध काळा डाग. काळं म्हणजे मोकळं पाणी, म्हणजेच जहाजाची वाट. तिनं डागाच्या दोन्ही टोकांना फुल्या मारून माप घेतलं. लेकीनं कळफलकावर थाप मारली. फुल्या गेल्या.

"आई, हिला पाच मिनिटं घेता का?"

"मालिका संपू दे," बाहेरून उत्तर आलं. सकाळपासूनची ही तिसरी मालिका.

मग सासूबाई पाणी प्यायला आल्या, पडद्याकडे बघून थबकल्या आणि नातीला त्यांनी अलगद उचललं.

"या दिवसांत हिला उचलत जाऊ नकोस."

"कुठल्या दिवसांत?"

"मला दोन झालीत. सोनोग्राफी कळते मला."

"अहो आई, बर्फातलं पाणी आहे ते. चाळीस किलोमीटर लांबीचं."

"असू दे. सुरुवातीला सांगू नयेच कुणाला," म्हणत त्या फोनकडे गेल्या.

थोड्याच वेळात नणंदेचा फोन. "वहिनी, बाबागाडी मी कालच देऊन टाकली गं. परत मागू का?" पाठोपाठ मावशींचा. त्यांनी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. मधेच जहाजावरून निरोप: वाट कुठून? तोवर नवरा ऑफिसातून धापा टाकत आला. सासूबाईंनी त्याच्या हातात भांड्यांची घासणी दिली.

आता मात्र अति झालं. सगळ्यांना एकदाच खडसावून सांगायचं म्हणून ती ताडकन उठली.

टीव्ही बंद होता. लेक आजीच्या खांद्यावर गाढ झोपली होती. कोपराशी चहा होता, चक्क गरम.

ती परत बसली. भराभर फुल्या मारू लागली.

"मलाच शेवटी कळतं सगळं," सिंकपाशी नवरा कुजबुजला.

"बर्फ आहे तो."

त्यानं साबणाचे हात तसेच धरून पडद्याकडे पाहिलं, मग भांड्यांच्या ढिगाकडे. "मग मी हे कशाला घासतोय?"

"हळू बोल," ती म्हणाली. "जहाज बाहेर पडेपर्यंत मला दिवस गेलेत."