सामंतांचं फाटक

सामंतांकडे पहिल्यांदा वाटीभर साखर मागायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. आतून आवाज आला, "वाटी केवढी ते सांगितलं नाहीत. पुन्हा मागा!" मी जिन्यात वाटी धरून थिजलो.

ही पंच्याण्णव-शहाण्णवची, वसई पूर्वेची गोष्ट. सामंत माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचे आणि कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचे. माणसाने काळ्या पडद्यावर टाइप केलेली आज्ञा तपासायची आणि अपुरी असली तर परत पाठवायची, हे त्यांच्या प्रोग्रामचं काम. तेच ते घरीही करत. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "सामंत, जरा या हो," की हे सुरू. "कुठे? कशाला? किती वेळ?" उत्तर आलं नाही, तर "अपुरी आज्ञा!" म्हणून चालू लागायचे. चेअरमन बघतच राहायचे.

दुसरं वेड रेल्वे फाटकाचं. रोज संध्याकाळी वही घेऊन तिथे उभे. फाटक कधी पडलं, कधी उघडलं, रिक्षा किती अडकल्या, सगळं लिहायचे.

"प्रोग्रामला लागतं," एकदा म्हणाले. "त्यात रिक्षा येते, फाटक पडतं, गाडी जाते. एकेक घटना ओळीने. मिनिटं बदलायची, पुन्हा चालवायचं."

मला वाटलं, फाटकावर पूल बांधायचं काहीतरी सरकारी काम असेल.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर पडद्यावर ओळी होत्या: १.४० कळ. १.४८ रिक्षा. १.५५ फाटक बंद. २.२० दवाखाना. उशीर.

तीन वर्षांपूर्वी सामंतवहिनी छातीत कळ येऊन गेल्या, त्या ह्याच वाटेवर, रिक्षात.

"हजारदा चालवलं," सामंत पडद्याकडे बघत म्हणाले. "रिक्षा लवकर मिळाली असती तर? फाटक उघडं असतं तर? माझं कुठे चुकलं, तेवढं कळायला हवं."

मी ओरडलोच, "अहो, माझी व्हॅन खाली उभी होती! दुपारी मी सातिवलीच्या कामावरून घरी जेवायला येतो, माहीत आहे ना तुम्हाला? दार का नाही वाजवलंत?"

"तुम्ही जेवत होतात," ते म्हणाले. "आणि काय झालंय, कुठे न्यायचंय... काहीच नीट सांगता येत नव्हतं मला."

उठून घरी आलो आणि आठवडाभर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

पुढच्या रविवारी मी ताटावर बसलो होतो. दार वाजलं. उघडलं तर सामंत. वही नाही, पेन नाही, डोळे लाल.

"जरा या," एवढंच म्हणाले.

कुठे, कशाला, किती वेळ, काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. खरकट्या हातानेच निघालो.