जिवंत थेंब

बाळाचे बाबा पाणीपुरवठ्याच्या केंद्रात कामाला होते. हौदात क्लोरीन सोडून जंतूंचा नायनाट करायचा, हीच त्यांची रोजीरोटी. त्यामुळे लेकीचं पोट बिघडल्यावर डॉक्टरीणबाईंनी जिवंत जंतूंचे थेंब लिहून दिले, तेव्हा गृहस्थ पार गोंधळले. हे जंतू चांगले असतात, पोटात ठाण मांडतात आणि वाईटांना जागा उरू देत नाहीत, असं बाईंनी समजावलं. बाबांनी मान डोलावली. पटलं मात्र काडीचंही नाही.

पण डॉक्टरांचा शब्द मोडायचा कसा? थेंब पाजायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं. चमचा उकळला, वाटी उकळली, वाफाळत्या पाण्यात थेंब टाकले आणि निवल्यावर पाजले. हा सोहळा रोज चालला. पोर पाय पोटाशी घेऊन रडायची ती रडतच राहिली. वजन जागचं हलेना, तशी तिच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढच्या खेपेला बाईंनी जोडीला एक पूड दिली. हा म्हणे त्या चांगल्या जंतूंचा खुराक. आता आजीही चक्रावल्या.

"अरे, पण वाईट जंतूंनीच तो फस्त केला तर?"

"तेच मला कळत नाहीये, आई," बाबा म्हणाले, आणि पूडही वाफाळत्या पाण्यात गेली.

तरी उतार पडेना. शेवटी बाईंनी विचारलं, थेंब देता तरी कसे? बाबांनी अगदी छाती फुगवून सगळं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, म्हणजे तुम्ही त्यांना आधी मारता आणि मग पाजता."

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस लेक कळवळली ती आपल्याच शहाणपणामुळे, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. त्या दिवसापासून उकळून पूर्ण गार केलेल्या पाण्यातच थेंब पडू लागले. हळूहळू रडणं थांबलं, आणि एका सकाळी आजींनी नीट शी झालेला लंगोट उलगडून घरभर मिरवला. त्यात काय एवढं बघायचं? पण सगळ्यांनी बघितलं, आणि आईला तर रडूच फुटलं.

लंगोट बदलायचा मान बाबांनी मागून घेतला. मग हात धुवायला मोरीत गेले ते बाहेरच येईनात. बायको बघायला गेली, तर हातात साबण धरून स्वारी नुसतीच उभी.

"अहो, काय झालं?"

"अगं, या साबणाला चांगले-वाईट ओळखता येतात का?"

तिनं नळ सोडला.