निश्चलगिरी महंत यांचे बेटावरील मठाची हकीकत

समुद्रास वंदन, समुद्रांतील देवास वंदन, आणि ज्यास दोहोंमध्यें राहणें प्राप्त जाहलें त्यासही वंदन. शके चौदाशें नव्वद, विभवनाम संवत्सरीं, एका राज्याचे किनाऱ्यासमोर खडकाचें बेट होतें, आणि तेथील मठाचे गादीवर निश्चलगिरी महंत होते. मठ फार जुना. मूळपुरुषांनीं देवाचा खडक फोडूं नये म्हणोन शिखर तैसेंच राखिलें, आणि उतारावर भोंवतीं कमानींच्या कोठ्या रचिल्या, आणि कोठ्यांचे पाठीवर सभामंडप उभारिला. ऐसें की गाभारा खडकावर आणि मंडप पोकळीवर. एकदां मंडप अर्धा ढांसळला, मग कोठ्यांच्या भिंती दुप्पट जाड करोन पुन्हा उभारिला. ओहोटीस वाळू उघडी पडे आणि यात्रेकरू पायीं येत आणि कोठ्यांत निजत. भरतीस बेट तुटे.

मग शेजारील राज्याशीं युद्ध लागलें, आणि महाराजांची आज्ञा आली कीं मठास तट घालावा, तोफा चढवाव्या, आणि किल्लेदारी महंतांनींच करावी. आज्ञा घेऊन सरदार अर्जोजी राजगुडे आले. महंत भांबावले आणि म्हणाले, "सरदार, आम्हांस घंटा वाजवितां येते. तोफेचें आम्हांस काय ठाऊक?" सरदार हांसोन बोलिले, "स्वामी, घंटा ऐकोन लोक येतात, तोफ ऐकोन जातात. इतकाच भेद." मग तट जाहला, बुरूज जाहला, आणि सरदार शिबंदीचे शिपाई ठेवोन किनाऱ्यास परतले, आणि महंतांस आपण सकाळीं कोण आणि सायंकाळीं कोण हें उमजेनासें जाहलें.

इतक्यांत शत्रूची फौज ओहोटी साधोन वाळूवर उतरली, आणि निम्मे वाटेंत येतां भरती फिरली, आणि माणसें कंबरेइतकीं रुतोन "वांचवा, वांचवा" म्हणों लागलीं. शिबंदीचे लोक पुसों लागले, "किल्लेदार, तोफेस बत्ती द्यावी काय?" महंत बुरुजावर उभे राहोन रुतलेल्यांकडे पाहत होते. शेवटीं म्हणाले, "दोर टाका." "दोर?" "यात्रेकरू रुतले म्हणजे काय करितां? तेंच करा." मग कित्येक वर ओढिले, कित्येक समुद्रानें नेले. वांचले त्यांस पेज पाजिली आणि कोठ्यांत निजविलें.

दुसरे दिवशीं सरदार होडीनें आले आणि महंतांस कडकडोन भेटले. "शाबास किल्लेदार! शत्रू जिवंत धरिला!" महंत म्हणाले, "धरिला नाहीं, पाण्यांतून काढिला." "तें एकच," सरदार म्हणाले. मग महाराजांकडून वस्त्रें आलीं, पालखी आली, जी फिरवावयास बेटावर जागा नव्हती. आणि कोठ्यांस दारें बसलीं, दारांस कुलपें पडलीं, आणि किल्ल्या महंतांचे कंबरेस आल्या. शत्रूचा नायक रत्नोजी दाराआडोन पुसे, "स्वामी, आपण आम्हांस वांचविलें कीं धरिलें?" महंत म्हणाले, "बाबा, मलाही कळेना."

मग आज्ञा आली कीं कैद्यांचीं शिरें हुजूर पाठवावीं. तें ऐकोन महंत गाभाऱ्यांत जाऊन बसले, आणि ओहोटी लागतांच उठोन कुलपें काढिलीं. शिबंदीवाले आडवे आले, तेव्हां म्हणाले, "किल्लेदाराचा हुकूम आहे." मग स्वतः वाळूवर पुढें जाहले आणि मागील कैद्यांस म्हणाले, "माझे पावलावर पाऊल ठेवा." शेजारील राज्याकडील किनारा लागतां रत्नोजीनें पाय धरिले. "स्वामी, आतां परतूं नका. मारतील." महंत म्हणाले, "सायंपूजा राहील ना." आणि एकटे परतले.

हें ऐकोन सरदार बेटावर आले आणि डोळ्यांत पाणी आणोन पुसों लागले, "स्वामी, फितूर कैसे जाहलां?" महंत म्हणाले, "फितूर कीं काय तें हुजूर ठरवितील. मला पुष्कळ दिवसांनीं आज कांहीं ठरवितां आलें." महाराज कोपले, परंतु गोसावी मारवेना, म्हणोन त्यांस कोठींत घालावयाची आज्ञा जाहली. चौकीस सोमा भंडारी नेमिला. तो रोज कुलूप काढी, महंतांस पूजेस वर नेई, खालीं आणी, दंडवत घाली, आणि कुलूप लावी.

पुढें तह जाहला आणि यात्रा सुरू जाहली. लोक पुसत, "महंत कोठें?" सोमा म्हणे, "खालीं कैदेंत आहेत. दर्शन घेऊन या." मग लोक आधीं कोठीच्या दाराशीं माथा टेकीत, आणि मग देवाकडे जात.

येणेंप्रमाणें मठाचा किल्ला जाहला, किल्ल्याचा कैदखाना जाहला, आणि कैदखान्याचा पुन्हा मठ जाहला, तो मात्र कोणाचे आज्ञेनें नव्हे. हकीकत संपली.