टरफलात कोंडला जीव

ब्रह्मपुरीच्या देवरावांची राईस मिल हल्ली अर्धा दिवस चालायची आणि अर्धा दिवस नुसती उभी असायची. हायवेवर मोठी मिल झाल्यापासून धानाच्या गाड्या तिकडेच वळत. तेव्हा त्यांची मुलगी दिव्यानी पुण्याची नोकरी सोडून आली.

"बाबा, एक सीझन द्या. मी मिलची वेबसाईट काढीन. गिऱ्हाईक आलं तं राहीन, नाई तं वापस जाईन."

पोरगी जाऊ नये असं देवरावांना फार वाटत होतं. पण तसं तोंडाने म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

वेबसाईट झाली, मजकूर जमेना. "वाचनाऱ्याच्या काळजाले हात घातला पायजे," दिव्यानी म्हणाली. असा हात घालणारा एकच माणूस देवरावांच्या ओळखीचा होता, तो म्हणजे गुणवंतराव. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, पाहुणे गोळा होतात आणि नाटक नसलं तर गावाला नावं ठेवून जातात. त्यातली निम्मी नाटकं आणि त्यांची हँडबिलं गुणवंतरावांचीच. त्यांनी चहा संपायच्या आत मजकूर लिहून दिला :

'देवराव राईस मिल सादर करीत आहे... अर्थात टरफलात कोंडला जीव! काळीज पिळवटून टाकणारा, संपूर्ण कौटुंबिक, एकदम मोकळा तांदूळ! माताभगिनींसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था. तारखा मोजक्याच शिल्लक!'

"काका, हे जास्त नाई होत?"

"बेटा, कमी लिवलं तं कोनी फिरकत नाई."

"अन् यात खोटं काय हाय?" देवराव म्हणाले. मिलवर बायकांचं बाकडं खरंच वेगळं होतं.

मजकूर वेबसाईटवर गेल्यावर तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या टोकाच्या एका गावाहून दसरू नावाच्या माणसाचा फोन आला.

"भाऊ, ते टरफलवालं आमच्या मंडईले पायजे."

"किती लोकायचं हाय?"

"पुरं गाव. अन् पाहुने."

देवराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"आवाज कसा हाय?" दसरूने विचारलं.

"चालू झालं का दोन गावं ऐकतेत."

"लेडीज किती?"

"कामाले शकुबाई धरून चार."

"चार! मंग तं पक्कं."

आठवड्यात सहा गावं पक्की झाली. देवरावांनी मशीनचे पट्टे बदलले.

मग एका सकाळी दसरू चार माणसं, हार आणि नारळ घेऊन जीपने आला. सगळी मिल फिरून त्याने विचारलं, "कलाकार कुठी हायेत?"

"कायचे कलाकार?"

कोपऱ्यात बावन्न वर्षांची शकुबाई तांदूळ पाखडत होती. दसरूने तिच्याकडे पाहिलं. "ह्याच का हिरोईन?"

शकुबाईने सूप खाली ठेवलं.

उलगडा झाल्यावर दसरू पोत्यावर बसला. "भाऊ, पोस्टर लागले. पोरी-जावई बलावले. आता गावाले कोनतं तोंड दाखवू?"

दिव्यानी घरात जाऊन बॅग भरू लागली. "चुकलं बाबा. गिऱ्हाईक एकबी नाई आलं."

गुणवंतराव मात्र जराही ओशाळले नव्हते. "मजकूर नाई चुकला, माल चुकला," ते म्हणाले. "पंधरा दिवस हायेत ना? नाटक मी लिवतो."

दुपारी मिलमध्येच तालीम सुरू झाली. शकुबाई मुलगी झाली, देवराव बाप. दिव्यानीची बॅग अर्धी भरलेली होती, पण गुणवंतरावांचं अक्षर वाचता येणारी तीच, म्हणून वही तिच्या हातात आली. दसरू रोज देखरेखीला येऊन बसायचा. तिसऱ्या अंकात शहरात निघालेल्या मुलीला बाप म्हणतो, 'जा पोरी, सुखी राय.'

देवराव उभे राहिले. शकुबाईकडे बघायचं सोडून ते दिव्यानीकडे बघत होते.

"जाऊ नको," ते म्हणाले.

"बाबा, इथी 'जा' लिवलं हाय."

"मले मालूम हाय. जाऊ नको."

दिव्यानीने पेनाने 'जा' खोडलं आणि 'जाऊ नको' लिहिलं.

"अवो, पोरगी गेलीच नाई तं लोकं रडतीन कशाले?" गुणवंतराव वैतागले.

शकुबाई पदराने डोळे पुसत होती. दसरूनेही नाक शिंकरलं.

"राहू द्या भाऊ, हेच चांगलं हाय," तो म्हणाला. "अन् नाटक पाह्याले पाहुने येतीन, त्यायले जेवाले तांदूळबी लागन. आमच्या गावाचं धान इथीच आनतो. बाकीचे पाच गावंबी आनतीन. कधी आनू?"

दिव्यानीने वहीचं मागचं पान उघडून सहा गावांचं धान मंडईआधीच्या दिवसांत वाटलं. तारखा खरंच मोजक्याच शिल्लक होत्या.