कुंडातला भात

सहल कशी आखावी हे कुणीही माझ्याकडून शिकावं! अमरावतीहून पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं मोर्शी. तिथून बैलांची दमणी करून डोंगराच्या कडेकडेनं सालबर्डी. तिथं गरम पाण्याच्या कुंडात शकुनला अंघोळ, महादेवाचं दर्शन, जेवण, आणि दिवेलागणीला घरी परत. सगळं कागदावर वेळेसकट मांडून ठेवलं होतं.

सहलीचं खरं कारण तेवढं कागदावर नव्हतं. आमच्या शकुनला पंधरावा महिना लागला, आणि चालायचं नाव नाही! आळीतली तिच्याहून लहान पोरं अंगणभर दुडदुडत होती. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, "घाई काय आहे?" म्हणाले. घाई काय! पाय त्यांच्या पोरीचे नव्हते ना! शेवटी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नवस बोलल्या, "नातीले कुंडात न्हाऊ घालीन, महादेवाले रोडगे वाहीन."

"आत्याबाई, रोडगे नकोत," मी म्हणाले. "ते भाजताना गोवऱ्यांचा धूर पोरीच्या छातीत जाईल."

"मंग जेवाचं काय? हवा खाची?"

इथं माझी कॉलेजातली दोन वर्षं कामी आली. "आपला सगळा वऱ्हाड जुन्या ज्वालामुखीच्या रसावर बसला आहे, आत्याबाई. कुंडाचं पाणी पृथ्वीच्या पोटातून उकळत वर येतं. तांदूळ फडक्यात बांधून सोडायचे, अर्ध्या तासात भात! पुस्तकात आहे तसं."

"कोनत्या कुंडाचं हाय पुस्तकात?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं.

झालं! तांदूळ, मीठ, तूप, लिंबाचं लोणचं, चार झबली, दोन फ्लॅनेलचे तुकडे आणि तापाचं थर्मामीटर घेऊन आम्ही निघालो. मोर्शी सुटली तशा दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा लागल्या. झाडं अशी लगडलेली, जणू सगळ्या सातपुड्याचं हळदीकुंकू तिथंच होतं! मी मात्र शकुनला उराशी घट्ट धरून बसले होते.

"दे जरा माझ्याकडे," हे म्हणाले.

"तुमचे हात सैल असतात."

नदीकाठी दमणी थांबली. आत्याबाई म्हणाल्या, "पोरीले सोड वं खाली जराशीक."

"साप असतात."

"या फरशीवर?"

"मुंग्या असतात!"

कुंड दिसलं तशी मी दहा हात अलीकडेच थबकले. उकळत्या पाण्याचा काय भरवसा? एखादा थेंब उडाला तर! पण ना वाफ, ना बुडबुडे. कुंडात एक म्हातारेबुवा गळ्यापर्यंत बुडून चक्क डुलक्या घेत होते.

ह्यांनी वाकून पाहिलं. "हे आजोबा शिजले, की अजून कच्चेच आहेत?"

मी थर्मामीटर पुढं केलं. ह्यांनी ते पाण्यात बुडवलं, उन्हात धरून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "एकशे दोन. पाण्याला ताप आहे गं! कपाळावर पट्टी ठेवू का?"

आता मागं कसं हटायचं? एका हातावर शकुन घेऊन दुसऱ्या हातानं मी तांदळाचं गाठोडं कुंडात सोडलं. तासानं शीत दाबलं, खडा! दोन तासांनी दाबलं, भिजलेला खडा! आणि पलीकडे, शेंदूरजनाघाटहून आलेल्या पार्बताबाई नावाच्या एका बाईंनी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला घेतलेले. शेजारी वांग्याची भाजी रटरटत होती. तो वास महादेवालासुद्धा समाधीतून उठवील असा!

"मघापासून काय धुऊन राहिली वं माय?" पार्बताबाईंनी हाक मारून विचारलं.

"धूत नाही. भात शिजतो आहे."

"जाळाबिगर?" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "या ना आमच्यात जेवाले!"

"नको नको, आमचा होतच आला आहे!"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तेवढ्यावर भात शिजावा! आणि सरळ पार्बताबाईंच्या आराशी जाऊन बसले. आत्याबाई देवळात गेल्या होत्या.

नेमकं तेव्हाच गाठोडं हातातून निसटलं! पाण्याबरोबर सरकत निघालं थेट म्हातारेबुवांकडे. एका हातानं काही ते येईना. मी चहूकडे पाहिलं; साप नाही, मुंगी नाही. कुंडापासून लांब फरशीवर फ्लॅनेल अंथरलं, शकुनला त्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी झडप घातली. गाठ सुटली! निम्मा तांदूळ पाण्यात, चार शितं बुवांच्या दाढीत!

"शिव शिव!" बुवा दचकून उठले.

मी मागं वळले. फ्लॅनेल रिकामं!

काळजाचं पाणी झालं, आणि तेही एकशे दोनाचं नव्हे, बर्फाचं! तेवढ्यात दिसलं... शकुन चालत होती! झबल्यात, दोन्ही हात पसरून, झोकांड्या खात. एक, दोन, तीन, आठ पावलं! नवव्याला पार्बताबाईंच्या परातीशी पोचली आणि तिनं एक निवलेला रोडगा दोन्ही हातांनी उचलला.

मी तिथंच, कुंडाच्या पायरीवर, लुगड्यासकट पाण्यात बसले. रडू येत होतं की हसू, माझं मलाच कळेना.

आत्याबाई देवळातून धावत आल्या. "कुंडाचा गुन! महादेव पावला वं माय!"

"पण आत्याबाई, तिला अंघोळ अजून घातलीच नाही. पाण्याला ताप आहे म्हणून मीच..."

"मंग पोरगी आजलोक चालत काहून नोती?"

पार्बताबाईंनी रोडगा फोडून त्यात तूप सोडलं आणि शांतपणे म्हणाल्या, "चालन कशी? सकाळपासून पाहून राहिली मी. तिचे पाय भुईले लागले कवा?"

मी मुकाट्यानं तीन रोडगे खाल्ले. आत्याबाईंनी पार्बताबाईंकडून दोन मागून घेऊन महादेवाला वाहिले. आणि हो, पुस्तकातलं ते कुंड हिमालयातलं होतं. आता सांगायला हरकत नाही.

परतीच्या दमणीत शकुन ह्यांचा खांदा धरून उभी राहिली, पडली, परत उभी राहिली. मी मांडीवर ओढून घेतलं नाही! पण मोकळे झालेले दोन हात कुठं ठेवावेत ते समजेना. सारखे आपोआप पुढं जात होते. शेवटी ह्यांनी उरलेल्या तांदळाचं ओलं गाठोडं माझ्या ओंजळीत ठेवलं.

"हे धर घट्ट. घरी जाईपर्यंत शिजेल!"