केळुस्कर सरांच्या गृहभेटी

विद्यार्थ्याचा निकाल वर्गात लागत नाही, घरात लागतो, असं प्राध्यापक केळुस्करांचं ठाम मत होतं. कल्याणला नुकत्याच निघालेल्या कॉमर्स कॉलेजात ते हिशेबशास्त्र शिकवत. पहिल्या वर्षाचा निकाल असा काही लागला की प्राचार्यांनी तोंड लपवायला रजाच काढली. केळुस्करांनी मात्र छाती पुढे काढली. "प्रत्येकाच्या घरी जातो. यंदा पोरं पास झाली नाहीत तर नाव लावणार नाही!"

पहिल्या दोन घरी पोरांनी सरांदेखत बापाचा मार खाल्ला. तरी सरांचा उत्साह उतू चालला होता. आता पाळी शेवंतीची. वर्गातली ही एकुलती एक मुलगी, आणि पहिला वर्ग मिळवेल असंही तेवढंच एक डोकं. पण हल्ली ती बाकावर पेंगायची. घरी अभ्यासाला जागा नसणार, हे सरांनी ताडलं.

अडचण एवढीच की सर अविवाहित. मुलीच्या घरी एकट्याने जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी थोरल्या बहिणीला, हौसाबाईंना बरोबर घेतलं. रविवार म्हणून कोट चढवला. शहाणपणात कुठे कसर ठेवली नाही.

ठाकुर्लीच्या चाळीत शेवंतीचे वडील गुणाजी दारातच हात जोडून उभे राहिले.

"सर, तुम्ही पण वेंगुर्ल्याकडचेच ना?"

"हो, तिकडचेच."

गुणाजींचा चेहरा उजळला. त्यांची बायको रंगूबाई लगबगीने आत गेली. जरा वेळाने नवी साडी नेसलेली शेवंती मान खाली घालून पोह्यांची बशी घेऊन आली. फळ्यावरची आपली चूक भर वर्गात दाखवते ती हीच का, असं सरांना वाटलं.

"पहाटे उठते का?"

"चारला. पाणी भरते, भाकऱ्या थापते, धाकट्यांचं बघते," रंगूबाई म्हणाली.

"डोळे?"

"चष्मा नाय, बघा ना."

"हिला घरात एक स्वतंत्र कोपरा हवा."

"तो आता तुम्हीच द्यायचा," गुणाजी लाजून म्हणाले. म्हणजे कॉलेजात, असं समजून सर म्हणाले, "बघतो. आधी मार्चची परीक्षा होऊन जाऊ दे."

निघताना रंगूबाईने हौसाबाईंची ओटी भरली.

"मुलगी मला पसंत आहे," जिना उतरता उतरता हौसाबाई म्हणाल्या.

"अक्का, मी तिचा अभ्यास बघायला आलो होतो!"

"मग मला कशाला आणलंस?"

दुसऱ्या दिवशी सर धावतपळत खुलासा करायला गेले. गुणाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"सगळ्या चाळीने बघितलं, सर. पोहे खाल्लेत, ओटी घेतलीत. नाकारलेली पोर मी आता कुठल्या तोंडाने कॉलेजात पाठवू?"

"मग करूनच टाक लग्न," हौसाबाई घरी म्हणाल्या.

"विद्यार्थिनीशी? नोकरी जाईल माझी."

नोकरी राहिली. ऐन परीक्षेच्या आठवड्यात शेवंतीचं लग्न विठ्ठलवाडीच्या एका बिजवराशी लागलं. सर आहेर घेऊन गेले. ती वाकून पाया पडली तेव्हा त्यांना भडभडून आलं.

"शेवंती, पुढच्या वर्षी बाहेरून बस परीक्षेला."

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही नुसतं वर्गात शिकवत होतात ना, तेव्हा मी पास होत होते."

पंगतीत वाढपी सरांच्या पानात जिलब्या टाकतच राहिला. पुरे म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.